सातसाठी थांबलेलं जहाज

"उत्तर देतेय, पण वर येत नाही," रेडकर म्हणाली आणि हेडफोन काढून तिनं माझ्या हातात दिले. "ऐक."

मी ऐकलं. जहाजाच्या बुडाशी लावलेल्या यंत्रातून आम्ही पाण्यात आवाज सोडायचो आणि हजारभर मीटर खालून, समुद्राच्या तळावरून, सात नंबरची पेटी बारीक टिक् करून प्रत्युत्तर द्यायची. तेवढं ती अगदी इमानदारीनं करत होती. पण 'वजन सोड आणि वर ये' हा हुकूम दिला, की 'समजलं' अशी टिक् करायची आणि जागची हलायची नाही.

"सात, ये गो बाय वर," रेडकर कठड्यावरून वाकून पाण्याला म्हणाली. "किती बसतलंस थंय चिखलात?"

"तिला मालवणी कळत नसेल," मी म्हटलं.

"मग तुझ्या वऱ्हाडीत सांग."

मी पाण्याकडे बघून म्हणालो, "काऊन वं बापा, काय करून राहिली तिथं?"

ती हसली. त्या हसण्यासाठी मी त्या काळात काहीही केलं असतं. सगळ्यांसमोर वऱ्हाडी बोलणं तर किरकोळच होतं.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याचा. कॉलेज संपेपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. तरी नशिबानं मला गोव्याच्या एका समुद्र-संशोधन संस्थेत नोकरी दिली. तिथं माझं काम कोरडं होतं, म्हणजे संगणकावरचं. गोव्याच्या पश्चिमेला, तळ जिथं एकदम खोल उतरतो, तिथं चिखलाखाली गॅस बर्फासारखा गोठलेला असावा असा आमच्या लोकांचा अंदाज होता. तो शोधायची पद्धत अशी: तळावर पेट्या सोडून द्यायच्या आणि त्यांच्या डोक्यावरून जहाजानं एक लांबलचक केबल ओढत न्यायची. केबलमधून पाण्यात वीज सोडायची. खारं पाणी आणि ओला चिखल वीज लवकर गिळून टाकतात, गोठलेला गॅस गिळत नाही. त्यामुळे खाली तो असला तर पेट्यांना लांबूनही वीज जाणवते. पेट्या ते टिपून ठेवतात आणि मग हुकुमासरशी खालचं वजन सोडून तरंगत वर येतात.

पुढचं काम माझं. संगणकावर तळाखालच्या जमिनीच्या चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीत वीज किती अडेल ते अंदाजानं भरायचं, आणि अशा जमिनीवर पेट्यांनी काय टिपलं असतं त्याचं गणित करायचं. ते खऱ्या आकड्यांशी जुळलं नाही की चौकटी बदलायच्या, पुन्हा गणित करायचं. असं जुळेपर्यंत. याला आम्ही मॉडेल म्हणायचो. आईला गावी कोणी विचारलं, की ती सांगायची, "पोरगा समुद्राखालचं पाहते." मी पाहत कुठं होतो, अंदाज करत होतो.

वैजयंती रेडकर माझ्याच वयाची, वेंगुर्ल्याची. पेट्या बांधणं, सोडणं, वर काढणं ही तिची जबाबदारी. मॉडेलही तिला माझ्याइतकंच येत होतं, किंबहुना माझ्या चुका काढण्याइतकं जास्त येत होतं. संस्थेत तिच्या शब्दाला वजन होतं. आकडा वाईट आला तरी ती तो तसाच सांगायची, गोड करून सांगायची नाही.

त्या सफरीवर मी जाण्याचं खरं कारण तीच होती. वरकरणी मी सांगितलं, की प्रत्यक्ष मोजणी पाहिल्याशिवाय मॉडेलमध्ये जीव येत नाही. पहिले दोन-तीन दिवस मी माणसांपेक्षा बादलीशीच जास्त बोललो. पोट जरा जागेवर आलं तेव्हा एका दुपारी आम्ही मागच्या डेकवर बसलो होतो, आणि ती सहज बोलावं तसं म्हणाली, "कुडाळच्या सामंतांचं स्थळ आलंय. मुलगा बडोद्याला असतो. परत गेलं की उत्तर द्यायचंय. बाबा धक्क्यावरच येणार आहेत मला न्यायला."

"मग? काय सांगणार?"

"बघू," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "बडोदा चांगलं आहे." त्यानंतर रोज सकाळी मी ठरवायचो, की आज बोलायचं. रोज काहीतरी निघायचं. कधी केबल अडकायची, कधी वारा सुटायचा, आणि काहीच नसलं की माझीच जीभ टाळ्याला चिकटायची. बघता बघता मोजणी संपली, पेट्या एकेक करून वर आल्या, आणि सात तेवढी खाली राहिली. ती वर आली की जहाज मुरगावकडे वळणार होतं. नाही आली तरी वळणारच होतं.

आमचे मुख्य शास्त्रज्ञ डॉक्टर साखळकर डेकवर आले. म्हाताऱ्याचा स्वभाव प्रेमळ, पण वेळेचा फार कडक.

"रेडकर, आता पुरे," ते म्हणाले. "जेवणं झाली की निघूया. जहाज पुढच्या लोकांना द्यायचं आहे."

"सर, सात बरोबर मधे आहे. जिथं गॅस असेल असं आपल्याला वाटतं त्याच्या डोक्यावर."

"वाटतं ना? मग नुसतं वाटण्यावर जहाज कशाला थांबवायचं?" ते माझ्याकडे वळले. "गावंडे, तू कशाला आहेस? सात धरून आणि सात वगळून, दोन्ही करून बघ. सात नसली म्हणून काय बिघडतं ते सांग. बिघडत असेल तर थांबू. नसेल तर निघू."

मी खाली खोलीत जाऊन संगणकासमोर बसलो. माझ्या मनात काय चाललं होतं ते सरळ सांगतो. 'बिघडतं' एवढं म्हणायची खोटी, की मला एक अख्खा दिवस मिळणार होता. ती असणार, मी असणार, आणि काम काहीच नसणार. एक पेटी वर यायची वाट बघणं हे काही काम नव्हे. त्या एका दिवसात मी नक्की बोललो असतो. मी मनात म्हटलं, बिघडू दे.

मी संगणकात एक तळ बनवला, त्यात गॅसचा एक थर ठेवला, सगळ्या पेट्यांनी काय टिपलं असतं ते काढलं. मग त्यातून सातचे आकडे पुसले आणि उरलेल्यांवरून थर सापडतो का ते बघितलं. सापडला. होता तिथं, होता तेवढा, चित्रासारखा स्वच्छ. मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग वर जाऊन जे निघालं ते सांगितलं.

"सातशिवाय चालेल, सर."

"झालं तर!" साखळकर म्हणाले.

रेडकरचा चेहरा लालबुंद झाला. "बघू दे मला," ती म्हणाली आणि माझ्या आधी जिना उतरून खाली गेली. आम्ही दोघं तिच्या मागोमाग गेलो. तिनं पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "थर ठेवताना चौकटी कुठल्या घेतल्यास?"

"नेहमीच्याच."

"आणि शोधताना?"

माझ्या लक्षात आलं आणि मी जीभ चावली. आमच्या धंद्यातली ही प्रसिद्ध चूक आहे. ज्या चौकटींत थर ठेवला, त्याच चौकटींत तो शोधला तर सापडणारच. खरा समुद्र आमच्या चौकटी बघून बनलेला नसतो. शिवाय आकड्यांत थोडी खळबळ, म्हणजे खऱ्या मोजणीत होते तशी बारीकसारीक चूक, मुद्दाम मिसळायची असते, तीही मी घाईत मिसळली नव्हती.

"स्वतःच लपवायचं, स्वतःच शोधायचं आणि स्वतःच टाळ्या पिटायच्या," ती म्हणाली. "मेल्या, पहिल्या वर्षाचं पोरगं अशी चूक करणार नाही."

ती एवढी का चिडली ते मला कळेना. सात तिनं स्वतः बांधलेली होती, म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

"मग काय करायचं म्हणतेस?" साखळकरांनी विचारलं.

"आंधळी कोशिंबीर."

संस्थेत या परीक्षेला आम्ही हेच नाव दिलं होतं. एकानं गुपचूप तळ बनवायचा. त्यात काय ठेवायचं, कुठं ठेवायचं, की काहीच ठेवायचं नाही, हे त्याचं त्याला ठाऊक. दुसऱ्याला नुसते पेट्यांचे आकडे द्यायचे. त्यानं त्या आकड्यांवरून तळाखाली काय आहे ते सांगायचं. रिकामा तळ देणं ही सगळ्यात मोठी परीक्षा. असलेलं दिसलं नाही तर माणूस कच्चा समजायचा, पण नसलेलं दिसलं तर त्याच्यावर कोणी विसंबून राहत नाही.

"मी लपवते," ती म्हणाली. "सात सोडून बाकी सगळ्यांचे आकडे देते. गावंडेला बरोबर सांगता आलं तर सातला सोडून निघू. मी एका शब्दानं बोलणार नाही."

ती शेजारच्या संगणकावर बसली, माझ्याकडे पाठ करून. थोड्या वेळानं आकडे माझ्याकडे आले. मी कामाला लागलो. या खेपेला चौकटी बदलल्या, खळबळीचा हिशोब धरला, तीन-चार वेगवेगळ्या सुरुवाती करून बघितल्या. मला हरायचं होतं, मनापासून हरायचं होतं. पण काम हातात घेतलं की हातांना हरता येत नाही. प्रत्येक सुरुवातीतून फिरून फिरून एकच उत्तर येत होतं: मधल्या जागेच्या जरा पश्चिमेला, चिखलाखाली, एक आडवा थर. मला खात्री पटली आणि माझं तोंड उतरलं.

"इथं आहे," मी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं.

ती येऊन माझ्या खुर्चीमागं उभी राहिली. साखळकर दारात होते.

"इथं?" तिनं विचारलं.

"इथंच."

"नक्की?"

"नक्की."

"मी काहीच ठेवलं नव्हतं," ती म्हणाली.

मला कानशिलात बसल्यासारखं झालं.

"रिकामा?" साखळकर पुढं आले.

"रिकामा तळ दिला होता, सर. यानं नसलेलं काढून दाखवलं." तिचा आवाज जरा कापत होता. "सात नसेल तर आपल्याला भूतं दिसतील. उद्या खरे आकडे घेऊन बसलो की हेच होणार."

साखळकरांनी चष्मा काढून पुसला. तिच्या संगणकाकडे त्यांनी मान वळवूनही बघितलं नाही. रेडकरनं सांगितलं म्हणजे संपलं. "बरं," ते म्हणाले. "उद्या सूर्य बुडेपर्यंत थांबू. कॅप्टनची बोलणी मी खातो."

ते गेले. मी तिला म्हणालो, "मला खरंच तिथं दिसलं होतं. अजूनही दिसतंय."

"असू दे रे," ती म्हणाली. माझ्या खांद्यावर तिनं क्षणभर हात ठेवला आणि काढून घेतला. "सगळ्यांचंच होतं असं."

संध्याकाळी आम्ही मागच्या डेकवर उभे होतो. समुद्र शांत होता. ती म्हणाली, "उद्याचा अख्खा दिवस आहे आपल्याला."

मी लाजेनं आणि आनंदानं अर्धा झालो होतो. ज्या परीक्षेत नापास झालो त्यामुळंच दिवस मिळाला होता. मला वाटलं, की आता हिच्यापुढं काहीतरी करून दाखवलं पाहिजे, रिकाम्या हातानं कसं बोलायचं? हिला सात हवी आहे. सात आणून दिली की ती खुशीत असेल, तेव्हा बोलू.

"उद्या सातला वर काढतोच," मी म्हणालो. "तू बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कंबर कसली. सात चिखलात रुतली असणार हे उघड होतं. वजन सुटलं असेल, पण चिखल सोडत नसेल. तिला बाहेरून धक्का द्यायचा तर ती नेमकी कुठं आहे ते कळायला हवं, कारण जिथं टाकली तिथंच पेटी टेकत नाही, उतारावर पाणी तिला वाहवत नेतं. मी कॅप्टनला जहाज वेगवेगळ्या जागी न्यायला लावलं. प्रत्येक जागेवरून सातला हाक मारायची, उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, आणि त्या अंतरांवरून जागा. मग त्या जागेभोवती लांब तारेचा फास सोडून हळूहळू ओढायचा. कॅप्टनला हे मुळीच पसंत नव्हतं, पण साखळकरांनी त्याला गप्प केलं.

मी खोलीतून हललो नाही. सकाळी कधीतरी रेडकर दारात आली.

"गावंडे, वर ये लवकर. डॉल्फिन आलेत. जहाजाच्या अगदी पुढ्यात."

"आलोच."

ती थोडी थांबली आणि गेली. नंतर चहा घेऊन आली. एक कप मला दिला, एक स्वतः घेऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. तिनं त्या दिवशी केस धुतले होते, ते मोकळेच होते. हे मला दिसलं होतं. पण तेवढ्यात नवा आकडा आला आणि मी तो भरायला लागलो.

"तुमच्याकडे उन्हाळ्यात काय करता रे तुम्ही?" तिनं विचारलं. "एवढ्या उन्हात?"

"अं? कूलर लावतो."

"आणि संध्याकाळी?"

"अंगणात पाणी मारतो. थांब हं, हे अंतर जुळत नाहीये."

"आणि बाहेरून लग्न होऊन आलेली मुलगी असली, समुद्राकडची," तिनं चहाच्या कपाकडे बघत विचारलं, "तर तिला झेपेल का ते ऊन?"

"सवय होते," मी म्हणालो. "रेडकर, हे बघ, सात आपण समजत होतो त्याच्या बरीच उत्तरेला आहे!"

तिनं पडद्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "आहे खरी." मग ती चहाचे कप घेऊन निघून गेली. मी मान वर केली नाही. तुम्ही म्हणाल हा माणूस ठोंब्या होता. होतोच. पण मी ते सगळं तिच्यासाठीच करत होतो, आणि करताना इतका सुखात होतो, की तो दिवस मला आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस वाटला होता. ती खोलीत येते, जाते, मला चहा देते, आणि मी तिची वस्तू तिला परत आणून देणार आहे. आणखी काय पाहिजे माणसाला?

दुपार उलटून गेल्यावर ती पुन्हा दारात येऊन उभी राहिली.

"वर वारा छान सुटलाय. जरा ये ना. मला बोलायचंय."

"शेवटचा फेरा चाललाय, रेडकर. हा एक झाला की आलोच. मलाही बोलायचंय."

"तुला काय बोलायचंय?"

"सात आली की सांगतो."

ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली होती. "आणि नाही आली तर?"

"येईल," मी म्हणालो.

आणि आली. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. तार एकदम ताणली, मग सैल पडली, आणि हेडफोनमध्ये सातची टिक् दर हाकेला अधिकाधिक लवकर यायला लागली. मी ओरडत डेकवर धावलो. सगळं जहाज कठड्याशी गोळा झालं. किती वेळ काहीच दिसेना. मग डाव्या अंगाला लांब, लाटांत, पेटीच्या काठीवरचं नारिंगी फडकं दिसलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. साखळकरांनी मला मिठी मारली, कॅप्टननंसुद्धा पाठीवर थाप दिली. रेडकर कठड्याला धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. आनंदानं, असं मला वाटलं.

"काढलीस शेवटी," ती म्हणाली.

"बोललो होतो ना?"

"हो. बोलला होतास." तिनं पदराला पुसावेत तसे ओढणीला डोळे पुसले. "तुला काहीतरी सांगायचं होतं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात साखळकर मधे आले. "गावंडे, चल चल, आधी आकडे उतरवून घे, बॅटरी कधी बंद पडेल सांगता येत नाही." त्यांनी माझा दंड धरून मला नेलंच. मी मागे वळून तिला हातानं खूण केली, 'नंतर'. आकडे उतरवायला वेळ लागला. मी वर आलो तोवर ती झोपायला गेली होती. जहाज घराकडे निघालं होतं.

सकाळी धक्क्यावर तिचे बाबा उभे होते. पांढरा सदरा, हातात छत्री, बुटके आणि हसतमुख. तिनं ओळख करून दिली. "बाबा, हे गावंडे. यांनी आमची सात वर काढली." आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला 'हे' म्हटलं. तिचे बाबा म्हणाले, "बरा केलात. पोरीचो जीव त्या पेट्यांतच असता." मी नमस्कार केला. ती गाडीत बसताना माझ्याकडे बघून हसली, आणि गाडी वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागली. त्याच आठवड्यात तिनं सामंतांना होकार दिल्याचं कळलं. लग्न उन्हाळ्यात झालं. आमंत्रण आलं होतं. मी गेलो नाही, गावी भावाचं काहीतरी काम असल्याचं कळवलं. नोकरी सोडून ती बडोद्याला गेली.

पावसाळ्यात मी खरे आकडे घेऊन बसलो. आधी सगळ्या पेट्या धरून मॉडेल केलं. तळाखाली एक पातळसा थर निघाला, फार मोठा नाही, पण निघाला. मग नेहमीचा नियम म्हणून सात वगळून केलं. तेच चित्र आलं. मी पुन्हा केलं, चौकटी बदलून, खळबळ वाढवून. सात असली काय आणि नसली काय, उत्तर काडीइतकंही हललं नाही. बाकीच्या पेट्या पुरेशा होत्या.

मग त्या दिवशी मला भूत कसं दिसलं?

तिनं मला दिलेले परीक्षेचे आकडे अजून माझ्याकडे होते. मी एक अगदी रिकामा तळ घेतला, खारं पाणी, खाली नुसता चिखल, आणि त्यावर पेट्यांनी काय टिपलं असतं ते काढलं. ते तिच्या आकड्यांतून वजा केलं. तळ खरंच रिकामा असता तर वजाबाकीत नुसती खळबळ उरायला हवी होती. पण मधल्या पेट्यांवर फरक असा ठसठशीत उभा राहिला, की त्याला खळबळ म्हणायची सोय नव्हती. मी दुसऱ्या पद्धतीनं करून बघितलं, तिसऱ्या. रिकाम्या तळावरून ते आकडे येऊच शकत नव्हते. ज्या बाईनं कधी आकडा गोड करून सांगितला नव्हता, तिनं साखळकरांच्या तोंडावर खोटं सांगितलं होतं.

बाहेर पाऊस कोसळत होता. मग हिय्या करून बडोद्याचा नंबर लावला. तीच बोलली. आवाज तोच होता. मी साखळकरांची खुशाली सांगितली, पेपर लिहायला घेतल्याचं सांगितलं, त्यात तिचं नाव असेल असंही सांगितलं.

"रेडकरच घाल," ती म्हणाली. "काम रेडकरनं केलंय."

"एक शंका होती," मी म्हणालो. "पेपरसाठी नाही. त्या दिवशी, आंधळ्या कोशिंबिरीत, तू काहीच ठेवलं नव्हतंस ना?"

पलीकडे कोणीतरी टीव्ही लावला होता, त्याचा आवाज येत होता. तिनं कोणालातरी तो बारीक करायला सांगितलं.

"ठेवलं होतं," ती म्हणाली. "तू बोट ठेवलंस तिथंच."

"मग खोटं का सांगितलंस?"

"माका एक दिवस होयो होतो, गावंडे. सर दुसऱ्या कशानं थांबले नसते."

"सातसाठी?"

"सातचं काय घेऊन बसलास!" ती हसली, पण ते हसू लगेच विरलं. "अशा पेट्या दर सफरीला एखाददुसरी तळाला राहतेच. मी त्यासाठी खोटं बोलले असते का रे? तीनदा तुला बोलवायला आले मी त्या दिवशी."

त्या दिवशीची ती एकेक वेळ माझ्यापुढं उभी राहिली आणि प्रत्येक वेळी माझी पाठ तिच्याकडे होती.

"तुला काय सांगायचं होतं तेव्हा?" तिनं विचारलं. "सात आली की सांगतो म्हणाला होतास."

आता या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. त्या प्रश्नाचं उत्तर मी मनात किती तऱ्हांनी दिलंय त्याला गणती नाही, आणि प्रत्येक वेळी ती डेकवर, ओले केस मोकळे सोडून, ऐकत उभी असते. फोनवर मात्र मी म्हणालो, "तेच. जे तुला सांगायचं होतं."

"हं," ती म्हणाली.

मग बराच वेळ आम्हा दोघांपैकी कोणीही फोन खाली ठेवला नाही.